मिसेस हार्लन नायगार्ड यांची पाककृती

टॉवेल वाईट नव्हता. पांढरं, घट्ट विणीचं सुती कापड, कडेने निळी वेल आणि मधोमध निळ्याच अक्षरांत छापलेली एक पाककृती. दुकानाच्या मागच्या खोलीत, विक्रेत्या बायका जिथे दुपारी डबे उघडून बसत, तिथे आयोन माकीने तो आर्डिसच्या पुढ्यात पसरला आणि सँडविचचा घास चावत म्हणाली, "तुझ्यासाठी आणलाय गं. भांडी पुसता पुसता वाचायला. वाच तरी, किती गोड लिहिलंय बाईने!" आर्डिसने चष्मा नाकावर चढवला. 'सुखी घराची पाककृती. दोन माणसं घ्या, शक्यतो ताजी. काल रात्रीचं भांडण आधी चाळून घ्या. खडे निघतील ते फेकून द्या, मोजत बसू नका. तीन कप धीर, दोन कप गोड बोलणं, एक कप ऐकून घेणं. चिमूटभर थट्टा, जास्त झाली तर कडवट होते. रागाला एकसारखं ढवळू नये, गुठळ्या धरतो. मंद आचेवर जन्मभर ठेवा. रोज वाढा, शिळं होत नाही.' पहिल्या ओळीतल्या 'शक्यतो ताजी'पाशीच तिचे कान गरम झाले होते. ते दोन शब्द लिहून ती एकटीच हसली होती आणि हसू बाहेरच्या खोलीत ऐकू जाऊ नये म्हणून तोंडावर हात धरला होता, हे तिला काल घडल्यासारखं आठवलं. खाली, वेलीला टेकून, लेखिकेचं नाव होतं. मिसेस हार्लन नायगार्ड.

"कुठे मिळाला हा?" तिने विचारलं. आवाज नेहमीसारखाच निघाला याचं तिला नवल वाटलं. "टेकडीवरच्या त्या नॉर्वेजियन चर्चची शंभरी आहे ना, त्यांच्या विक्रीत. आणि ती बाई स्वतः होती तिथे! टॉवेलावर सह्या करून देत होती. माझ्या टॉवेलावर तर फूलसुद्धा काढलंय." "कोण बाई?" "हीच की. मिसेस नायगार्ड. दिसायला छान आहे हो. तरुण आहे अजून, म्हणजे आपल्याशी तुलना केली तर." आयोनने बोटं चाटली. "अशी बाई घरात असल्यावर नवऱ्याचं काय बिघडलंय! नशीब असतं एकेकाचं." आर्डिसने टॉवेलाची घडी घातली, पुन्हा एक घडी घातली, आणि आणखी घडी बसेना तेव्हा तो पर्समध्ये कोंबला. लग्न झालं होतं, मोडलं, एवढंच तिने दुकानात सांगितलं होतं. घटस्फोटानंतर ती पुन्हा माहेरच्या नावाने आर्डिस मोएन झाली होती, आणि पडद्याच्या कापडाच्या काउंटरमागे उभ्या असलेल्या बाईचं आधीचं आडनाव विचारायला कुणाला वेळ नव्हता. सह्या करून देत होती! ही पाककृती पुस्तकात छापली गेली तेव्हा हार्लनची ही दुसरी बायको, लव्हॉन, शाळेत असेल, वेण्या घालून. एवढा साधा हिशोब त्या सगळ्या चर्चमध्ये एकालाही करावासा वाटला नव्हता.

बसने घरी जाण्याऐवजी ती उतारावरून चालत निघाली. सरोवरावरून धुकं वर चढत होतं, बोटींसाठी वर उचलला जाणाऱ्या बंदरावरच्या पुलाचा भोंगा वाजला, पाठोपाठ खनिजवाहू बोटीनेही त्याला उत्तर दिलं. या गावात पूल आणि बोटीसुद्धा एकमेकांना उत्तर देतात, असं लग्नाच्या काळात ती मनाशी म्हणायची. आज ते पुन्हा आठवलं आणि पाठोपाठ तो हिवाळा आठवला. बावन्न साली चर्चच्या बायकांनी पाककृतींचं पुस्तक काढलं होतं. हॉटडिशच्या, म्हणजे एकाच भांड्यात भाजून काढायच्या जेवणाच्या, विभागाआधी अर्धं पान मोकळं राहत होतं, आणि छापखानेवाला मोकळ्या पानाचेही पूर्ण पैसे लावतो म्हणून मंडळाची अध्यक्ष बोर्गहिल्ड हिने फोन केला होता, "तू बोलण्यात चुरचुरीत आहेस बाई, काहीतरी गमतीचं खरड आणि दे." तेव्हा घरात हार्लनने मिठाची गुळणी धरली होती. कारण काय होतं ते आता आठवत नव्हतं, तेव्हाही नीटसं कळलेलं नव्हतं. हार्लन कधी ओरडला नाही, हात तर कधीच उगारला नाही. तो फक्त बोलायचा थांबे. विमा विकणारा माणूस, दिवसभर गावभर गोड बोलून यायचा आणि घराच्या उंबऱ्याशी गालिच्यावर बुटांबरोबर जीभही काढून ठेवायचा. आणि अगदीच अडलं तर कुत्र्याशी बोलायचा. "स्किपर, सांग तिला, कॉफी पाणचट झालीय." "स्किपर, विचार तिला, माझा निळा शर्ट कुठे आहे." स्किपर बिचारा एकदा त्याच्याकडे बघायचा, एकदा तिच्याकडे, आणि शेपटी हलवायची की नाही ते त्याला ठरवता यायचं नाही. अशाच एका दुपारी तिने ओट्याशी उभं राहून, किराण्याच्या पिशवीच्या पाठीवर, 'दोन कप गोड बोलणं' असं लिहिलं होतं. जे घरात औषधालाही नव्हतं ते तिने कपांनी मोजून घातलं. ती थट्टा होती, पण तिच्या त्या वर्षातलं तेवढंच खरंखुरं तिचं असं काहीतरी होतं.

नावाचंही तसंच. तिने खाली 'आर्डिस' एवढंच लिहिलं होतं. बोर्गहिल्डने फोनवरच ते खोडलं. "आर्डिस म्हणजे कुठली? कुणाची? पुस्तक लोक विकत घेणार बाई, त्यांना कळायला नको?" पुस्तकातल्या सगळ्याच बायका अशा नवऱ्यांच्या नावांखाली बसल्या होत्या, मिसेस कार्ल, मिसेस ओले, मिसेस एल्मर, स्वतःचं नाव छापून यायला बाईला एक तर कुमारिका राहावं लागे नाहीतर मिशनरी होऊन दूरदेशी मरावं लागे. आर्डिसला त्यात तेव्हा काही खुपलं नाही. उलट छापलेलं पान बघून तिने ते दोनदा वाचलं होतं. हार्लननेही वाचलं, आणि त्या वर्षी त्याने आपल्या कचेरीच्या कॅलेंडरवर ती पाककृती छापून गिऱ्हाइकांना वाटली. गावातल्या निम्म्या स्वयंपाकघरांत ती टांगली गेली. लोक चर्चच्या पायऱ्यांवर त्याची पाठ थोपटत. "सामान कुठून येतं ते विचारा!" असं तो छातीवर हात ठेवून म्हणायचा, आणि सगळे हसायचे, आणि तीही हसायची, आणि मोटारीत बसून घर येईपर्यंत तो एक शब्द बोलायचा नाही. पुढे कचेरीत हिशोब लिहायला लव्हॉन आली. त्याचं पुढे जे व्हायचं ते झालं. घर, चर्चमधलं तिसरं बाक, बोर्गहिल्डचं मंडळ, सगळं आर्डिसने सोडलं, कारण घटस्फोट झालेल्या बाईला चर्चच्या तळघरातल्या जेवणांतून कुणी जा म्हणत नाही, फक्त तिच्या शेजारची खुर्ची रिकामी राहते. तिला वाटलं होतं सगळंच सोडून झालं. नावाबरोबर पाककृतीही मागे राहिली हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. मिसेस हार्लन नायगार्ड ही एक खुर्ची होती. जी बसेल तिची. तिने पिठापासून सगळं मळायचं आणि आयत्या बिळावर नागोबाने सह्या ठोकायच्या, फुलं काढून!

त्या संध्याकाळी तिने मुद्दाम त्याच टॉवेलाने भांडी पुसली. नव्या छापाचं कापड पाणी टिपत नव्हतं, नुसतं इकडचं तिकडे करत होतं. तिला राग आला होता, साधा, जुना, तोंडात लोखंडाची चव आणणारा राग, आणि खरं सांगायचं तर तिला तो आवडला. दहा वर्षं ती समजूतदार होती. समजूतदार बाईला लोक बरं म्हणतात आणि विसरून जातात. मध्यंतरी एकदा कुणा मध्यस्थाकरवी लव्हॉनने हार्लनच्या आवडीच्या, राय धान्याच्या पावाची कृती मागवली होती. आर्डिसने अगदी टापटिपीने लिहून दिली आणि संत्र्याची साल तेवढी गाळली. तिची आई असंच करायची. कृती मागितली तर नाही म्हणू नये, शेजारधर्म आहे. पण एक जिन्नस आपल्याजवळ ठेवावा. तो पाव कितपत बिघडला ते तिला कधी कळलं नाही. बहुधा बिघडला नसेल, कारण हार्लन कुठल्याही पदार्थावर चाखायच्या आधीच मीठ मारायचा. समोर ताट आलं की उजवा हात मिठाच्या बाटलीकडे. तेरा वर्षं तिने केलेल्या एकाही पदार्थाची मूळ चव त्या माणसाच्या जिभेला लागलेली नव्हती. एवढीशी गोष्ट, पण बेसिनपाशी उभं राहून तिला ती इतकी डाचली की हातातली पुसून झालेली बशी तिने पुन्हा पाण्यात टाकली.

आणि मग गुरुवारी लव्हॉन आपल्या पायांनी चालत तिच्या काउंटरपुढे आली. आर्डिस पिवळ्या पडद्याचं कापड मापत होती. हिरवा कोट, डोक्याला रुमाल, हातात फॉइलने झाकलेला लेमन बारचा, लिंबाच्या गोड वड्यांचा, डबा. "आर्डिस, ओळखलंत ना? तुमच्याशी जरा... वेळ आहे का तुम्हाला? नाही म्हणजे गिऱ्हाईक असेल तर मी थांबते, मला काही घाई नाही, बस पावणेपाचची आहे, आणि तीही चुकली तर पुढची, धुक्यामुळे सगळ्याच उशिरा येताहेत, हे लेमन बार तुमच्यासाठी, फार गोड नाहीत—" ती बोलतच राहिली. धुक्याबद्दल, बसबद्दल, कापडाच्या भावाबद्दल, बसमध्ये भेटलेल्या कुठल्याशा बाईच्या गुडघ्यांबद्दल. काय ही बडबड, आर्डिसला वाटलं. हार्लनला असली टकळी आवडते होय. म्हणजे माझ्याच नशिबी तेवढी गुळणी होती.

"काय हवंय तुला?" तिने कात्री उचलली.

लव्हॉनने इकडेतिकडे पाहिलं. "ती पाककृती. मी कुणालाच कधी म्हटलं नाही हो, की माझी आहे. शंभरीच्या बैठकीत टॉवेलांचं निघालं, कुणीतरी म्हणालं, केवढी गोड लिहिलीय मिसेस नायगार्डनी, आणि मी तोंड उघडायच्या आत हार्लन म्हणाला, 'मग! बायको कुणाची आहे!' सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत मी काय बोलणार? तुम्ही असता तर काय बोलला असता?"

"काही नाही," आर्डिस म्हणाली, आणि ते खरं होतं म्हणून तिला जास्तच राग आला. "आणि सह्या?"

"पेन माझ्या हातात त्यांनीच दिलं."

"आणि फूल?"

लव्हॉन लाल झाली. "ते मी काढलं."

शंभरीच्या जेवणाला पुस्तकाची नवी आवृत्ती निघायची होती, आणि बोर्गहिल्डने सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं की पहिल्या पानावर मिसेस नायगार्ड यांची अगदी नवी पाककृती असेल, ती त्या स्वतः वाचून दाखवतील. लव्हॉनने तीन आठवडे प्रयत्न केला. "मी लिहायला घेतलं की नुसतं पीठ आणि साखरच होते," ती म्हणाली. "तुमच्यासारखं वाकडं, गमतीचं सुचतच नाही. एक लिहून द्याल? माझ्यासाठी नका देऊ. पण सगळ्यांसमोर मी तिथे नुसती उभी राहिले तर..." "खाली नाव कुणाचं?" आर्डिसने विचारलं. लव्हॉन गप्प झाली. आल्यापासून पहिल्यांदाच. "जुन्या पाककृतीखाली माझं नाव छापा," आर्डिस म्हणाली, "आर्डिस मोएन. मग नवी देते." "मला चालेल हो. देवाशपथ चालेल. पण मग हार्लन सगळ्यांपुढे खोटा पडेल, आणि मग तो..." वाक्य तिने तिथेच टाकून दिलं आणि फॉइलची कड नखाने सपाट करत बसली. आर्डिसने तिच्याकडे पाहिलं नाही. तिच्या मनात एकदम, पहिला घास जिभेवर विरघळावा तसं, काहीतरी पसरत गेलं होतं. "बरं," ती म्हणाली, आणि कात्री कापडातून सरळ पलीकडे नेली. "नाव राहू दे. शनिवारपर्यंत पाठवते."

लेमन बार तिने आयोनला देऊन टाकले. शनिवारची सकाळ तिने त्या पाककृतीला दिली, आणि इतकी सुखाची सकाळ तिला कित्येक वर्षांत लाभली नव्हती. खिडकीबाहेर सरोवर स्वच्छ होतं. तिने कॉफी केली, दाट, तिच्या आवडीची, आणि लिहायला बसली. शब्द भराभर येत होते. जणू सगळे इतकी वर्षं दाराबाहेर कोट घालून तयारच बसले होते. लव्हॉनचं काय होईल याचा तिने नीट विचार केला होता. लव्हॉन मूर्ख असेल तर काही न कळता मोठ्याने वाचेल, आणि खाली बसलेल्या हार्लनला शब्दन्‌शब्द कळेल. शहाणी असेल तर वाचणार नाही, आणि मग सगळ्या चर्चपुढे कागद हातात धरून मुकी उभी राहील. मुकेपणा म्हणजे काय ते तिलाही कळू दे एकदा. दोन्हीकडून फास बरोबर बसत होता. एखाद्या क्षणी आर्डिसचा हात थांबला, तो कचरण्यामुळे नव्हे, चांगला शब्द हवा म्हणून. आपण दुष्टपणा करतो आहोत हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण सज्जनपणाने काय दिलं होतं? भांडी पुसायला एक टॉवेल, तोही पाणी न टिपणारा. तिने पाकीट बंद केलं, तिकीट चिकटवलं, आणि पेटीत टाकताना पेटीचं झाकण दोनदा उघडून बघितलं, आत गेलं ना म्हणून.

शंभरीच्या रविवारी ती गेली. कधीकाळी सभासद असलेल्या प्रत्येकाला आमंत्रण होतं. तळघर होतं तसंच होतं, उकळत्या कॉफीचा आणि ओल्या लोकरीचा तोच वास, कागद अंथरलेली तीच लांब टेबलं, ताटांत तेच नूडल्स आणि ट्यूनाचं हॉटडिश. दोन जणींनी तिला मिठी मारली, आणखी दोघींना ती दिसलीच नाही. शेजारची खुर्ची रिकामी राहिली. रीतही तीच चालू होती, ज्या बाईचं जेवण उरकेल तिने उठून कॉफीची मोठी किटली घ्यायची आणि टेबलांवरून फिरवायची, मग ती पाहुणी का असेना. ज्याला नको त्याने कप बशीत उपडा घालायचा. समोरच्या रांगेत, अगदी नजरेच्या टप्प्यात, हार्लन बसला होता. केस पिकले होते, खांदे तसेच रुंद. शेजाऱ्याला काहीतरी सांगून हसवत होता. बोर्गहिल्ड ऐंशीच्या पुढे गेली होती, डोळ्यांना फारसं दिसत नव्हतं, पण आवाज अजून फोन न लावता पलीकडच्या गल्लीत पोचेल असा होता. "आता शांत बसा!" ती गरजली. "मिसेस हार्लन नायगार्ड!"

लव्हॉन उठली. हिरवा कोट घालूनच ती पुढे गेली, कागद उघडला, आणि आर्डिसने तिचा चेहरा पाहिला. तो चेहरा मूर्खाचा नव्हता. तिला सगळं कळलेलं होतं. मग आता मुकी होणार, आर्डिसला वाटलं, आणि तिने टेबलाखाली हात घट्ट धरले.

"शांत घराची पाककृती," लव्हॉनने वाचायला सुरुवात केली. तिचा आवाज आधी कापला, मग कापेनासा झाला. "एक नवरा घ्या. बाहेरून छान तपकिरी दिसतो. आतून शिजलाय की नाही ते घरी आणल्यावर कळतं." बायका खुदखुदल्या. "मीठ आपण घालू नये. ते तो घालेल, चाखायच्या आधी." एक मोठा हशा झाला, कारण हार्लनच्या हातात त्या क्षणी मिठाची बाटली हॉटडिशवर तिरपी धरलेली होती, आणि त्याच्या टेबलावरच्या सगळ्यांनी ती पाहिली. तोही हसला. सवयीने हसला. "गोड शब्द, अर्धा चमचा. हे फक्त रविवारी, चर्चच्या पायऱ्यांवर मिळतात. घरी नेईपर्यंत विरघळून जातात." हशा थोडा कमी झाला. "आता झाकण घट्ट लावा. वाफ बाहेर जाता कामा नये, शेजाऱ्यांना वास येतो. आठवडाभर तसंच ठेवा. हलवू नका, विचारू नका, काय चुकलं म्हणून तर मुळीच विचारू नका. निरोपांसाठी एक कुत्रा घ्या. 'सांग तिला' म्हटलं की कुत्र्याने तिच्याकडे बघावं, एवढंच त्याचं काम. हे एका माणसाला पुरतं. दुसऱ्यासाठी काही उरत नाही."

इथे आर्डिसची पाककृती संपत होती. तळघरात कुणीतरी चमचा खाली ठेवला तो ऐकू आला. पण लव्हॉन बसली नाही. तिने कागदाची घडी घातली, आणि न वाचता, समोर बघत म्हणाली, "टीप. कुत्रा नसेल तर कॉफीची किटली चालते. आमच्याकडे दहा वर्षं तीच वापरतात."

पहिली हसली ती बोर्गहिल्ड. म्हाताऱ्या विधवेचं, पोटातून, खोकल्यासकट आलेलं हसू. आणि मग सगळ्या टेबलांवरून ते उसळलं, बायकांचं हसू, मिसेस कार्लचं आणि मिसेस ओलेचं आणि मिसेस एल्मरचं, आणि पुरुष मात्र ताटांत बघू लागले. आर्डिस हसली नाही. तिच्या छातीत कुणीतरी कोपर मारल्यासारखं झालं होतं. किटली! म्हणजे काउंटरपुढची ती टकळी, बस, धुकं, परक्या बाईचे गुडघे. दिवसभर ज्या बाईशी कुणी बोलत नाही ती अशीच बोलते. हे जगात दुसऱ्या कुणाला नाही तरी आर्डिसला कळायला हवं होतं. आणि त्याहूनही जास्त बोचलं ते असं, की ती शेवटची ओळ सगळ्यांत चांगली होती, आणि ती तिची नव्हती. टाळ्या पडत होत्या. बोर्गहिल्ड ओरडत होती की ही पहिल्या पानावर गेलीच पाहिजे, मिसेस हार्लन नायगार्डच्या नावाने. पुन्हा तेच नाव. मेहनत तिची, विष तिचं, आणि खाली सही त्या खुर्चीची. तेवढ्यात तिने हार्लनकडे पाहिलं. तो लव्हॉनकडे बघत नव्हता. मिठाची बाटली अजून हातात, आणि नजर टेबलांच्या रांगा ओलांडून सरळ आर्डिसवर. लव्हॉन सोडली तर एवढ्या मोठ्या तळघरात त्या एकालाच लेखिका कोण ते ठाऊक होतं. लग्नाच्या काळात तिने जे मागितलं होतं ते आत्ता तिला मिळत होतं. तो तिच्याकडे बघत होता, मध्ये कुत्रा नव्हता. तिने डोळे खाली घातले नाहीत. त्याने घातले. बाटली ठेवली, काटा उचलला आणि हॉटडिशचा एक घास नुसताच, बिनमिठाचा, तोंडात घातला.

आता खरं म्हणजे घरी जायला हरकत नव्हती. पण तिचं ताट रिकामं होतं आणि रीत ती रीत. आर्डिस उठली, स्वयंपाकघराच्या खिडकीवरची मोठी किटली तिने दोन्ही हातांनी उचलली. ती जड होती, कडी गरम होती. ती पहिल्या रांगेत गेली. लव्हॉन आपल्या जागेवर येऊन बसली होती, नवऱ्याच्या शेजारी, अंग आखडून, आता घरी काय वाढून ठेवलंय ते ठाऊक असलेल्या माणसासारखी. आर्डिसने आधी तिचा कप भरला, काठोकाठ. मग किटली हार्लनच्या तोंडासमोर, अगदी ओठांच्या उंचीवर धरली आणि थांबली. आजूबाजूचे लोक बोलायचे थांबले. पाठोपाठ त्यांच्या पलीकडचे थांबले.

"बोल, हार्लन," ती म्हणाली. "ही ऐकतेय."

हार्लनच्या मानेवर तांबडं चढत गेलं. त्याने तोंड उघडलं. किटलीच्या तोटीतून वाफ येत होती. त्याने तोंड मिटलं.

"काय झालं गं?" पुढून बोर्गहिल्डने डोळे बारीक करत विचारलं. "सगळी गप्प का झाली? किटली कुणाकडे आहे?"

"आर्डिसकडे," कुणीतरी सांगितलं.

"कुठली आर्डिस?"

मग लव्हॉन बोलली. कपाकडे बघतच बोलली, पण तळघराच्या दारापर्यंत ऐकू गेलं. "ती टॉवेलावरची पाककृती जिने लिहिली ती. बावन्न साली. मी नाही. आजचीही तिचीच, शेवटची टीप तेवढी माझी."

आर्डिसचे हात दुखायला लागले होते, तरी तिने किटली आणखी थोडा वेळ तशीच धरली. हार्लनने कप उचलला आणि बशीत उपडा घातला. मग ती पुढच्या टेबलाकडे गेली. तिथे सगळ्यांना कॉफी हवी होती.